बादलीभर पाणी

अस्मिता हरकरे आकडा कधी एकटा सोडत नसे. विहिरीच्या पाण्यात शिसं किती, असं कोणी विचारलं तर ती आकडा सांगायची आणि त्याला लागूनच 'अधिक-उणे' किती, तेही सांगायची. प्रयोगशाळेतली मुलं तिच्या पाठीमागे म्हणत, मॅडमना वय विचारलं तरी त्या अधिक-उणे सांगतील.

धरमपेठेतल्या ऑफिसात समोर बसलेल्या वकिलाला, अपूर्वला, नेमकं तेच नको होतं.

"मॅडम, हे अधिक-उणे काढलं तर नाही का चालणार? तिघं लवाद बसणार आहेत. त्यातल्या एकाला तरी वाटेल की यांनाच खात्री नाही."

"खात्री आहे म्हणून तर लिहिलंय. किती खात्री आहे, ते त्यात आहे."

अपूर्व हसला. "राहू द्या मग. तुमच्याशी कोण भांडणार."

तो सरकारच्या बाजूचा वकील होता. दिल्लीला असायचा, पण आई-वडील नागपुरात, म्हणून साक्षीदारांची तयारी करून घ्यायला त्यालाच पाठवलं होतं. प्रकरण असं होतं. कळमेश्वरच्या पुढे, औद्योगिक वसाहतीच्या हद्दीबाहेर, धामणखेडी नावाच्या गावाला लागून जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवणारा कारखाना होता. मालक कंपनी युरोपातल्या एका लहानशा देशातली. गावाच्या विहिरींत शिसं सापडलं, ते अस्मिताच्याच प्रयोगशाळेत. मग ग्रामसभेने ठराव केला, की कारखान्याला दिलेली संमती आम्ही मागे घेतो. त्या ठरावाच्या आणि अस्मिताच्या अहवालाच्या आधारावर सरकारने परवाना थांबवला आणि भट्टी विझली.

कंपनी इथल्या कोर्टाची पायरी चढलीच नाही. दोन देशांमध्ये कधीकाळी गुंतवणुकीचा करार झाला होता, त्याच्याखाली तिने भारत सरकारलाच परदेशातल्या लवादापुढे उभं केलं. खरं तर तो करार सरकारने मधल्या काळात रद्द करून टाकला होता. पण रद्द केला तरी आधी आलेल्या कंपन्यांना तो आणखी पंधरा वर्षं लागू राहील, असं त्या करारातच लिहून ठेवलेलं होतं. अपूर्वने हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा अस्मिताला किरणोत्सारी द्रव्यं आठवली होती. संपलं संपलं म्हणावं, तर निम्मं शिल्लक.

"पाण्याची मला काळजी नाही," अपूर्व म्हणाला. "पाण्यावर तुम्हाला कोणी हलवू शकत नाही. मला काळजी आहे त्या सभेची. त्यांचं म्हणणं, आमचा माणूस त्या दिवशी गावात गेला होता आणि त्याला बाजू मांडता आली नाही. बाजू न ऐकता निर्णय झाला, एवढं सिद्ध झालं ना, की पाण्यात शिसं होतं का सोनं होतं, कोणी विचारणार नाही. परवाना परत द्यावा लागेल."

"आणि आपलं म्हणणं?"

"नोटीस लावली होती. जागा बदलल्याची दवंडी दिली होती. तो आला नाही. तुमच्या निवेदनात त्यावर एकच वाक्य आहे." त्याने कागद तिच्याकडे फिरवला. "'कंपनीचे प्रतिनिधी सभेस आले नाहीत.' बरोबर?"

अस्मिताने वाक्य वाचलं. सही करताना वाचलं होतं तेव्हाही ते खरंच होतं. फक्त त्याला अधिक-उणे नव्हतं.

"आले नाहीत," ती म्हणाली. "पण..."

अपूर्वने हात वर केला. "थांबा. ह्या 'पण'च्या पुढचं मला ऐकायचंय का, ते आधी ठरवू द्या." त्याने पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "सांगा."

तिने सांगितलं.

त्या दिवशी सकाळी गावातले मनोहरराव वारले. त्यांचं घर पंचायतीच्या भिंतीला भिंत लागून. शेजारी मयत असताना सभा कशी भरवायची? पुढे ढकलावी तर पुन्हा नोटीस, पुन्हा मुदत, आणि तोवर कंपनीची दुसरी भट्टी पेटली असती. म्हणून सरपंच भागीरथाबाईंनी सभा संध्याकाळी मारुतीच्या पारावर घ्यायचं ठरवलं. कोतवालाने गावभर दवंडी दिली. गावाच्या मते प्रश्न मिटला.

मनोहररावांचा मुलगा पियुष कारखान्यात कामाला. त्यामुळे कंपनीचा सुशील दुपारीच आला होता. हा सुशील मूळ कन्हानचा, गावाशी बोलणी करायला कंपनीने नेमलेला. सभेत कंपनीच्या वतीने तोच बोलणार होता. त्याने मयतीला खांदा दिला, घाटावर गेला, राख होईपर्यंत बसला. घाटावरून परतलेली गावची माणसं आपापल्या घरी गेली, अंघोळ करून, कपडे बदलून पारावर आली. सुशीलचं घर लांब, कन्हानला. घाटावरून आलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय मारुतीच्या पाराला शिवत नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती, तोही ह्याच मातीतला. तो अलीकडे नाल्याच्या पुलाच्या कठड्यावर बसला आणि तिथूनच त्याने हाक दिली.

"ताई, बादलीभर पाणी भेटन का? अंगावर घेतो अन् आलोच."

 पारावर मागून कोणीतरी म्हणालं, "शिशाचं चालन का गा?"

सगळा पार हसला. अस्मिता पाहुणी म्हणून पुढे बसली होती, तिलाही हसू आलं होतं. कोणी उठलं नाही. भागीरथाबाई म्हणाल्या, "चला, सुरू करा मॅडम." अस्मिताने पाण्याचे आकडे समजावून सांगितले, अधिक-उणे धरून. मुलांच्या रक्तात काय सापडलं, तेही. हात वर झाले. मधेच केव्हातरी पुलावरून मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला.

अपूर्वने सुशीलचं निवेदन काढून पुन्हा चाळलं.

"त्याच्या निवेदनात बादली नाही," शेवटी तो म्हणाला. "'मला बोलू दिलं नाही', एवढंच आहे."

"सांगायला लाज वाटली असेल."

"मॅडम, मी तुम्हाला खोटं बोला असं म्हणणार नाही. ते मी म्हणूच शकत नाही. पण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. तुम्ही पाण्याच्या साक्षीदार आहात. पाण्याबद्दल बोला."

"हेही पाण्याबद्दलच आहे," अस्मिता म्हणाली.

तो हसला नाही.

*

महाल भागातल्या घरी तिला त्या आठवड्यात धड जेवण गेलं नाही. प्रयोगशाळेत मुलांना दोनदा विनाकारण रागावली. ती स्वतःला समजावत होती, की प्रश्न आलाच नाही तर उत्तर देण्याचा संबंध नाही, आणि हे खोटं नव्हे. पण नमुना घेताना बाटली नीट धुतली गेली नसेल, तर अहवाल कितीही सुबक असो, तो फेकायचा असतो. हे ती इतकी वर्षं मुलांना शिकवत आली होती. मुलं तरी अहवाल फेकत. हिला गाव फेकावं लागणार होतं.

शनिवारी ती धामणखेडीला गेली.

भागीरथाबाई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. आत त्यांची नात काजल पाढे म्हणत होती आणि बाराच्या पाढ्यात एकाच जागी अडकत होती. अडकली की पुन्हा पहिल्यापासून.

"या मॅडम, बसा. काहून असं तोंड पाडून आल्या? फाशी सुनावली का त्याईनं?"

"अजून नाही. बुधवारी माझी साक्ष आहे."

"मंग सांगून टाका न पाण्याचं. तुमच्यापेक्षा कोणाले माहीत हाय?"

"त्यांनी सुशीलचं विचारलं तर?"

"सुशीलचं काय?"

"बादलीचं."

भागीरथाबाईंचे हात सुपात थांबले. त्या नातीला ओरडल्या, "काजल, जाय वं, यमुताईच्या घरी ताक दे नेऊन." पोरगी ताकाचा गडवा घेऊन गेली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्या बोलल्या नाहीत.

"त्या दिवशी टँकर आला नव्हता. घरी दोन गुंड भरून पाणी होतं. एक मयतीच्या घरी पाठोलं."

"म्हणजे द्यायला पाणीच नव्हतं?"

"नव्हतं असं सांगा न."

अस्मिता सुपातले खडे वेचू लागली. तिला बोलायची सवय कमी होती आणि वाट पाहायची जास्त.

"होतं," भागीरथाबाई म्हणाल्या. "एक गुंड होतं. देता आलं असतं. खोटं कायले बोलू तुमच्यापाशी. पोट्टे हासले, मी बी हासली. पण हासण्यासाठी नाई थांबली मी. मले भेव होतं."

"कशाचं?"

"त्याच्या तोंडाचं. सुशील गोड बोलते, मॅडम. मयतीले येते, बारशाले येते, पोट्ट्यायले कामाले लावते. तो पारावर आला असता न, तर अर्ध्या बाया त्याच्या बोलण्यात आल्या असत्या. म्हटलं, बसू दे तिकडंच." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "माही काजल तेव्हा दुसरीत होती. बाराचा पाढा येत होता तिले. तुम्हीच तिच्या रक्ताचा आकडा सांगतला मले. अन् मी त्याले अंघोळीले पाणी देऊ? दिलं नाई. अजून बी इच्छा नाई होत."

 आतापर्यंत अस्मिता एक चूक लपवायची की नाही, एवढाच विचार करत होती. आता ती चूकही राहिली नव्हती, ते ठरवून केलेलं होतं.

"भागीरथाबाई, हे मला विचारलं तर मला सांगावं लागेल."

"आन् सांगतलं तर?"

"भट्टी पेटू शकते."

आडव्या गल्लीतून कोणाची तरी बकरी आली, तुरीला तोंड लावू लागली. भागीरथाबाईंनी तिला हाकललं नाही. मग एकदम हाकललं, गरजेपेक्षा जोरात.

"तुम्ही शिकलेल्या बाया मोठ्या वाईट," त्या म्हणाल्या. "न सांगता बी राहवत नाई, अन् सांगताना बी रडता. जा. जे पाहिलं ते सांगा. मी बोलली ते बी सांगा लागन तर सांगा. पण काजलचा आकडा पयले सांगजा."

*

साक्ष सिव्हिल लाइन्समधल्या एका हॉटेलच्या खोलीतून, व्हिडिओवर होती. लवाद तीन देशांत बसले होते, वकील एका चौथ्या देशात, अपूर्वही तिकडेच. खोलीत फक्त अस्मिता आणि हिमानी. हिमानी म्हणजे कंपनीच्या वकिलांनी पाठवलेली नागपूरचीच तरुण वकील. साक्षीदाराला कोणी काही सुचवत तर नाही ना, हे पाहणं तिचं काम. तिने कॅमेरा हातात घेऊन खोलीच्या चारही भिंती, पलंगाखालची जागा आणि बाथरूमही त्या दूरच्या माणसांना दाखवलं.

"सॉरी हां मॅडम, नियमच तसा आहे," ती कुजबुजली. "टेबलवर पाणी तेवढं ठेवू शकता."

कंपनीची वकीलबाई पांढऱ्या केसांची, अतिशय नम्र होती. तिने पाण्याच्या नमुन्यांपासून सुरुवात केली. बाटल्या कोणी धुतल्या, आम्ल कोणतं घातलं, उपकरण कधी पारखलं. शेवटी तिने 'अधिक-उणे'वर बोट ठेवलं. म्हणजे तुम्हालाच खात्री नाही? अस्मिताने शांतपणे समजावलं, की उणे धरलं तरी आकडा मर्यादेच्या बराच वर राहतो, आणि मुलांच्या रक्तातले आकडे सांगितले. काजलचं नाव घ्यायचं नव्हतं, पण तिचा आकडा तिने पहिला सांगितला. पडद्यावरच्या एका लवादाने मान खाली घालून काही लिहिलं. कोपऱ्यातल्या लहान चौकटीत अपूर्वचा चेहरा सैल झालेला तिला दिसला.

मग तिकडची जेवणाची सुट्टी झाली. साक्ष सुरू झाल्यावर ती संपेपर्यंत साक्षीदाराने आपल्या वकिलाशी बोलायचं नाही, असाही नियम होता. तिचा फोन हिमानीच्या पर्समध्ये होता. अस्मिताने डबा उघडला आणि बंद केला.

"जेवा ना मॅडम. मी तुमच्याकडे पाहणार नाही, वाटलं तर भिंतीकडे पाहते."

"तुम्ही जेवलात?"

"मी सकाळीच सावजी मटण हाणून आले," हिमानी म्हणाली आणि मग एकदम लाजली. "सॉरी. असं बोलायचं नसतं बहुतेक."

अस्मिताला हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर तिला पारावरचं हसणं आठवलं. किती सोपं असतं हसणं. कोणी एक जण बोलतो आणि बाकीच्यांना फक्त सोबत करायची असते. तिने एसीचा वारा कमी करायला सांगितला.  भट्टी पेटली तर पहिल्या पावसाळी ओढ्याबरोबर काय काय विहिरींत उतरेल, ते तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. ती ते थांबवू शकत होती, फक्त एका 'माहीत नाही'ने. तीन देशांतली माणसं तिच्याकडून पाण्याचीच अपेक्षा करत होती.

सुट्टी संपली. वकीलबाईने कागद उलटला.

"डॉक्टर हरकरे, तुम्ही म्हणता, कंपनीचे प्रतिनिधी सभेस आले नाहीत. ते का आले नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे का?"

आवाजावरून कळत होतं, की तिला 'नाही' हे उत्तर हवं होतं. नाही म्हटलं की ती पुढे म्हणणार होती, म्हणजे तुम्ही चौकशीही केली नाही. प्रश्न तेवढ्यासाठीच होता. अपूर्वची चौकट स्तब्ध होती.

"हो," अस्मिता म्हणाली. "माहीत आहे."

वकीलबाईने मान वर केली. असं उत्तर आल्यावर थांबावं, हे तिला कळत असणार. पण मधल्या लवादाने, म्हाताऱ्या अध्यक्षाने, चहाचा मग बाजूला सारला आणि म्हटलं, "सांगा."

अस्मिताने सांगितलं. मयत, घाट, अंघोळ, पार. परक्या भाषेत ते सगळं इतकं उघडंवाघडं वाटत होतं, की मधेच तिला शंका आली, आपण कोणाची तरी बदनामी करतोय. ती थांबली, घोटभर पाणी प्यायली आणि पुढे बोलली.

"त्यांना कोणी अडवलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"कोणी नाही."

"तरीही ते येऊ शकत नव्हते."

"नाही. तिथे अंघोळीशिवाय येता येत नाही. त्यांनी पाणी मागितलं. बादलीभर. कोणी दिलं नाही."

"गावात पाणी नव्हतं म्हणून?"

भिंतीकडे पाहणारी हिमानी आता तिच्याकडे पाहत होती.

"होतं," अस्मिता म्हणाली. "पाणी थोडं होतं, पण होतं. सरपंचांनी मला नंतर सांगितलं, की त्यांना भीती होती. हा माणूस बोलला तर लोक त्याचं ऐकतील."

 अपूर्वच्या चौकटीकडे पाहायचं तिने टाळलं. वकीलबाई 'माझे प्रश्न संपले' म्हणाली, तिचा स्वर आता हलका होता. अध्यक्ष मात्र अजून बघत होते.

"तुम्हाला काय वाटतं, डॉक्टर? ते बोलले असते तर लोकांनी वेगळा निर्णय घेतला असता?"

सगळ्या गावाचं मत एका वाक्यात आपल्या पदरात टाकलं जातंय, असं तिला वाटलं. नाही म्हणावं, ठाम म्हणावं, तेवढंच हातात उरलं होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "ते मोजलं गेलेलं नाही."

*

अपूर्वचा फोन संध्याकाळी आला. तो चिडला नव्हता, त्यामुळे अस्मिताला जास्त वाईट वाटलं. निकाल यायला कित्येक महिने लागतील, तो म्हणाला. आता काही सांगता येत नाही. मग म्हणाला, "माझे वडील सांगतात, तुमच्या जागी ते असते तर गप्प बसले असते. आणि मग रात्रभर जागले असते."

तिने भागीरथाबाईंना फोन करून सगळं सांगितलं. 

"काय म्हणल्या तुम्ही शेवटी? मोजलं नाई?"

"हो. मोजलं गेलेलं नाही, असं."

"मंग मोजू," भागीरथाबाई म्हणाल्या.

पुन्हा ग्रामसभा. विषय तोच. अपूर्वने दिल्लीहून फोनवर भागीरथाबाईंना समजावून सांगायचा प्रयत्न केला. आता सभा घेतली तर पहिली सभा चुकली होती, असं कबूल केल्यासारखं होईल. शिवाय ठराव ह्या वेळी पडला तर? लवादापुढे मग काहीच उरणार नाही. भागीरथाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "कबूलच तर करून राहिलो, साहेब," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सभा ह्या वेळी शाळेच्या पटांगणात ठेवली. भर सकाळी. नोटीस लावली, दवंडी दिली, आणि पियुषला मुद्दाम कन्हानला पाठवून सुशीलला हातोहात निरोप दिला. अस्मिताला बोलावलं नव्हतं. ती आपणहून गेली आणि मागे, मुलांच्या झोपाळ्याजवळ उभी राहिली.

माणसं जमली. सुशील आला नाही. कोणीतरी म्हणालं, कंपनीच्या वकिलांनीच त्याला जाऊ नको म्हणून सांगितलंय. आता गेलास आणि बोललास, तर तुझी बाजू ऐकली असं होईल. ऊन चढू लागलं. बायका पदर डोक्यावर ओढून कुरकुरू लागल्या. भागीरथाबाई हलल्या नाहीत.

"थांबू," त्या म्हणाल्या.

"किती वेळ थांबतं वं? तो येत नसते," एक म्हातारी म्हणाली.

"मागच्या खेपेला तो थांबला होता. आता आपण थांबू."

मोटरसायकलचा आवाज आला तेव्हा पटांगणातली डोकी एकदम फाटकाकडे वळली. सुशील आत आला नाही. फाटकाबाहेर गाडी लावून तिथेच उभा राहिला, हेल्मेट हातात धरून.

"मी ऐकाले आलो," तो म्हणाला. "बोलाची परवानगी नाई मले. बोललो तर नोकरी जाईन."

 भागीरथाबाई उठल्या. शाळेच्या ओसरीवर एक बादली झाकून ठेवली होती, त्यांनी ती स्वतः उचलली आणि फाटकापर्यंत नेली. पाणी हिंदकळून त्यांच्या लुगड्यावर सांडलं.

"आज कोणी मेलं नाई," त्या म्हणाल्या. "पण ठेवली होती. पाय धू, अन् आत ये. बोलाचं नसन तर नको बोलू."

सुशीलने बादलीकडे पाहिलं. मागून कोणीतरी काही बोलायला तोंड उघडलं आणि बंद केलं. त्याने खाली बसून सावकाश पाय धुतले. हात धुतले. तोंडावरही पाणी मारलं. मग आत येऊन पुढे उभा राहिला, आणि बोलला.

तो खरंच गोड बोलत होता. पण त्या दिवशी गोडपणा कमी होता. भट्टी बंद झाल्यापासून गावची किती पोरं लांब बुटीबोरीच्या कारखान्यांत जाऊन-येऊन करतात, रात्री घरी येतात तेव्हा त्यांची लेकरं झोपलेली असतात, ते त्याने सांगितलं. नव्या भट्टीवर धूर गाळायचं यंत्र बसवायला कंपनी तयार आहे, असं सांगितलं. "यंत्रानं शिसं पूर्ण थांबते का?" एका बाईने विचारलं. सुशीलने मागे उभ्या अस्मिताकडे पाहिलं, मग खाली. "पूर्ण नाई," तो म्हणाला. "पण लय कमी होते."

 बायका एकमेकींशी बोलू लागल्या. मनोहररावांची म्हातारी विधवा मान हलवत होती, पण कोणत्या बाजूने, ते कळत नव्हतं. पियुष उठला आणि म्हणाला, भट्टी चालू करा, मले इथंच काम पाहिजे. काही जणांनी 'बरोबर हाय' म्हटलं. मागच्या वेळी पारावर असं कोणी म्हटलं नव्हतं. भागीरथाबाईंनी कोणालाही अडवलं नाही. त्यांचा हात मात्र काजलच्या खांद्यावर होता आणि काजलला तो जड होत असावा, कारण ती सारखी खांदा हलवत होती.

"ज्याईले ठराव कायम ठेवाचा हाय," भागीरथाबाई म्हणाल्या, "त्याईनं हात वर करा."

हात लगेच वर झाले नाहीत. आधी एक, लांबून. मग बायकांच्या घोळक्यातून काही. पियुषने हात बांधून घेतले होते. त्याच्या आईने हात वर केला तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं आणि ती दुसरीकडे पाहू लागली. हात वाढत गेले आणि थांबले. पटांगणभर हात होते, आणि पटांगणभर हात नसलेली माणसंही होती. अस्मिताला मागून काही अंदाज येईना. आयुष्यात पहिल्यांदा तिला समोरचं मोजायची भीती वाटली.

"तू मोज," भागीरथाबाई सुशीलला म्हणाल्या.

"मी?"

"हव. तूच मोज."

तो बोट पुढे करून मोजू लागला. ओठ हलत होते. अर्ध्यावर कुठेतरी चुकला, थांबला. मग त्याने वर केलेल्या त्या सगळ्या हातांकडे नुसतं पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून अस्मिताला आकड्याच्या आधीच कळलं, ठराव टिकला होता.

"पुन्हा मोजतो," सुशील म्हणाला.

ऊन डोक्यावर आलं होतं. कोणीही हात खाली घेतला नाही.